आबांना खायला घालणारी

संस्थेचं पत्र आलं तेव्हा मी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि हातातल्या पुस्तकात खूण म्हणून घातलं. ते पुस्तक संपलं, पत्र दुसऱ्या पुस्तकात गेलं, मग तिसऱ्यात. उत्तर मात्र गेलं नाही.

पत्र फार गोड होतं. ‘आपण विज्ञानाला दिलेल्या अमूल्य देणगीबद्दल आम्ही सदैव ऋणी आहोत.’ देणगी म्हणजे माझ्या मोठ्या आतड्यातली कर्करोगाची गाठ. ती मी काही कौतुकाने दिली नव्हती. सर्जनने कापून काढली आणि मला ती परत नको होती, इतकंच. ऑपरेशनच्या आधी पुढे आलेल्या कागदांवर मी सह्या करत गेलो. त्यात एक कागद असा होता, की काढलेल्या भागावर संस्थेत संशोधन करायला माझी हरकत नाही. आता त्या गाठीपासून वाढवलेल्या पेशी एका औषध कंपनीला द्यायच्या होत्या आणि त्यासाठी नवी संमती हवी होती. सोबत फॉर्म होता. पेशी कंपनीला देण्याच्या दोन क्रमांकाच्या कलमापुढे आणि सहीच्या जागी कोणीतरी पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती. म्हाताऱ्याला वाचायचा त्रास नको.

मी जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्याच्या वाक्यातली चूक मला लांबून दिसते. स्वतःचं वाक्य लिहायचं म्हटलं की हात गार पडतात. ‘महोदया’ लिहावं की ‘सप्रेम नमस्कार’? होकार द्यायचा तर कशासाठी, नकार द्यायचा तर कोणत्या तोंडाने? माझी सून त्याच प्रयोगशाळेत काम करते. माझ्या एका वेड्यावाकड्या वाक्याने तिला त्रास झाला तर? असा विचार करत मी पानं उलटत राहिलो.

सून तिथे पोस्टडॉक आहे. ज्यांना हा शब्द ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: डॉक्टरेट मिळाल्यावर स्वतःची प्रयोगशाळा मिळेपर्यंत दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत करायचं काम. कागदोपत्री त्याला प्रशिक्षण म्हणतात. आमच्या हिने पहिल्याच वर्षी त्याची व्याख्या करून टाकली होती. “म्हणजे शिकून शिकून चष्मा लागला, केस पिकायला आले, तरी पोरगी उमेदवारच!”

गाठीचा तुकडा ऑपरेशनच्या खोलीतून बर्फाच्या डब्यात घालून खाली प्रयोगशाळेत नेतात. त्यावर फक्त आकडा असतो. नाव लिहायचं नाही असा नियम आहे आणि तो बरोबरच आहे. माझं ऑपरेशन झालं त्या दिवशी आकड्यांच्या चिठ्ठ्या छापणारं यंत्र बंद पडलं होतं आणि तुकडा उतरवून घ्यायची पाळी नेमकी सूनबाईची होती. तिने ती बदलून घ्यायला हवी होती. “पण आई बाहेर बाकावर रडत होत्या,” तिने मला नंतर सांगितलं, “तुमचा मुलगा दुसऱ्या गावी अडकलेला. मला हाताला काहीतरी काम हवं होतं, आबा.” चिठ्ठी येईपर्यंतची कच्ची खूण म्हणून तिने फ्लास्कच्या, म्हणजे पेशी वाढवायच्या बाटलीच्या, झाकणावर मार्करने लिहिलं: आबा.

माणसाच्या अंगातून काढलेल्या पेशी बाहेर सहसा टिकत नाहीत. चार दिवस तग धरतात आणि मान टाकतात. माझ्या जगल्या, म्हणजे तिने जगवल्या. कोणतं खाद्य कमी, कोणतं जास्त, ऊब किती, गर्दी किती, हे ती महिनोन्‌महिने करून बघत राहिली. पेशींना वरचेवर ताजं खाद्य द्यावं लागतं. रविवार असो, कोणाचं लग्न असो, स्वतःला ताप असो. प्रयोगशाळेत त्याला सरळ ‘खायला घालणं’ म्हणतात. त्यामुळे आमच्या घरात फोनवर भलतीच वाक्यं ऐकू येऊ लागली.

“आबांना खायला घातलंस का?”

“आबा आज जरा मलूल दिसतायत.”

“आबा फार झाले होते, निम्मे गोठवून टाकले.”

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा हिच्या हातातलं भांडं पडलं. पुढे सवय झाली. सूनबाई रविवारी निघाली की ही दारातून ओरडायची, “अगं, खरे आबाही उपाशी बसलेत इथे. त्यांचं कोण बघणार?”

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी ते नाव ऐकलं तेव्हा त्या खो खो हसल्या होत्या. म्हणाल्या होत्या, “किती गोड! राहू दे.” राहिलं. पुढे छापून आलेल्या लेखातही राहिलं: आबा-१. एका औषधाने इतर गाठींच्या पेशी पटापट मरत. आबा-१ मरत नसत. त्या का मरत नाहीत याचा सूनबाई तीन वर्षं माग काढत होती आणि निम्मं उत्तर तिच्या हाती आलं होतं.

आणि मग एका दुपारी ती घरी आली. दुपारी ती कधी येत नाही. खुर्चीत बसली आणि पिशवी तशीच मांडीवर धरून राहिली.

“काय गं, बरं नाही का?” हिने विचारलं.

“माझं प्रशिक्षण पूर्ण झालं, आई.”

“अगंबाई! मग तोंड असं का?”

“पूर्ण झालं म्हणजे काढलं.”

मी पुस्तक मिटलं.

“मॅडम म्हणाल्या, तुझं त्या पेशींशी नातं आहे. ते नियमात बसत नाही. नाव फ्लास्कवर लिहिलंस ती तर उघड चूक. उद्या नीतिसमितीकडे कोणी तक्रार केली तर संस्थेची अब्रू जाईल. म्हणून तू आता यातून बाजूला हो. पेशी आणि आजवरचं काम इथेच राहील.”

“तीन वर्षं नातं नव्हतं का?” मी विचारलं.

“तीन वर्षं कंपनी नव्हती, आबा.”

तिने फोन माझ्यापुढे धरला. संस्थेची जाहिरात होती, त्याच सकाळी लागलेली. ‘कर्करोग जीवशास्त्रात पोस्टडॉक्टरल प्रशिक्षणाची संधी.’ मी ती मुद्रितं वाचतात तशी वाचली, शब्दावर बोट ठेवून. निवड झालेल्या उमेदवारास औषधाला दाद न देणाऱ्या एका अनोख्या पेशीमालिकेवर काम करण्याची दुर्मीळ संधी मिळेल. प्राथमिक निष्कर्ष उपलब्ध. सुट्टीच्या दिवशी काम करण्याची तयारी हवी. वातावरण कौटुंबिक.

“प्राथमिक निष्कर्ष कोणाचे?”

“माझे.”

“आणि ही अनोखी मालिका म्हणजे...”

“तुम्ही.”

“कौटुंबिक म्हणे!” ही कडाडली. “अहो, मी सासू आहे. जगाच्या नजरेत वाईटच. पण हिच्या ताटातलं कधी उचलून घेतलं नाही मी. ही बाई कोण लागून गेली?”

सूनबाईला दुसऱ्या एका विद्यापीठाने बोलावलं होतं. लहानसं विद्यापीठ, पण तिथे तिला स्वतःची प्रयोगशाळा मिळणार होती. एक खोली, एक विद्यार्थी, दारावर तिचं नाव. त्यांना दोनच गोष्टी हव्या होत्या: हेच काम तिने तिथे पुढे न्यावं, आणि मॅडमचं शिफारसपत्र. पेशी नाहीत तर काम नाही, काम नाही तर खोली नाही. मग पुन्हा कोणाच्या तरी प्रयोगशाळेत पहिल्यापासून उमेदवारी, या वयात.

मला राग आला की माझा आवाज बारीक होतो. लोकांना वाटतं म्हातारा घाबरला, आणि पुष्कळदा मी खरंच घाबरलेलाही असतो. त्या बारीक आवाजात मी म्हणालो, “त्यांचं एक पत्र माझ्याकडे पडून आहे.”

“ठाऊक आहे. ते पडूनच राहू दे. आबा, तुम्ही काहीही करायचं नाही.” तिने एकेक शब्द तोडून सांगितला. “शिफारसपत्र अजून त्यांच्या हातात आहे.”

मी मान हलवली. काही न करणं मला उत्तम जमतं. पण त्याच आठवड्यात मॅडमचा फोन आला. आवाज असा की मधाचं बोट. “आबा, या ना एकदा! चहा घेऊ, तुम्हाला तुमच्या पेशी दाखवते. आणि तो फॉर्मही आणा, आपण दोन मिनिटांत उरकू.” नाही म्हणायला मला शब्द सापडला नाही. महिनाअखेरपर्यंत सूनबाईला संस्थेत जायचंच होतं, पण त्या दिवशी ती दुसऱ्या इमारतीत होती. तिला न सांगता मी गेलो.

मॅडमच्या खोलीची एक भिंत काचेची होती. दुसऱ्या भिंतीवर फोटोच फोटो, सगळे तरुण, सगळे पांढऱ्या कोटात हसणारे.

“ही सगळी माझी मुलं,” मॅडम म्हणाल्या. “इथे शिकून गेलेली.”

“आता कुठे असतात?”

“असतात कुठे कुठे.” त्यांनी एका फोटोवर बोट ठेवलं. “हा आम्हाला प्लास्टिकच्या बशा विकायला येतो. फार हुशार मुलगा होता.”

मग त्यांनी मला शेजारच्या खोलीत नेलं आणि सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. खाली वाकून बघितलं तर करड्या चपट्या आकृत्या, फरशीच्या तुकड्यांसारख्या एकमेकींना खेटून बसलेल्या. हालचाल काही नाही. मला वाटलं होतं भीती वाटेल, किंवा किळस. तसं काही झालं नाही. याच मला मारायला निघाल्या होत्या. आणि एक मुलगी सणवार, झोप, नवरा सगळं बाजूला ठेवून यांना भरवत होती, कारण या का मरत नाहीत ते कळलं तर उद्या दुसऱ्या कोणाच्या मारता येतील. हे मी घरी हजारदा ऐकलं होतं. तिथे वाकून बसल्यावर ते मला पहिल्यांदा समजलं, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईचा असा संताप आला की नजर धूसर झाली.

“गुणी आहेत तुमचे आबा,” मॅडम म्हणाल्या. “कंपनी खूश होईल.”

“यांना आता खायला कोण घालणार?”

“येईल की नवीन कोणी. जाहिरात दिलीय. ढिगाने अर्ज आलेत.”

“पण हे काम सुनेचं आहे.”

“आबा,” त्या समजूत घालायच्या सुरात म्हणाल्या, “प्रयोगशाळा माझी, यंत्रं माझी, अनुदान मी आणलेलं. तिला मी शिकायची संधी दिली. संधी घेऊन कोणी घरी जात नाही. ट्रेनचा प्रवास संपला की डबा बरोबर नेतो का आपण?”

“डबा तिनेच बनवला असेल तर?” असं म्हणायला हवं होतं. ते मला घरी परतताना रस्त्यात सुचलं.

“आम्हीही असंच सोसलंय,” त्या पुढे म्हणाल्या. “माझ्या गुरूंनी माझं सगळं ठेवून घेतलं होतं. रडले का मी? त्यातूनच माणूस घडतो.”

मी खिशातून फॉर्म काढला. उलगडला. त्यांनी पेन पुढे केलं, टोपण काढून. मी दुसरं कलम वाचलं, मग तिसरं. फुली नव्हती तिथेही मी वाचतो हे त्यांना कसं ठाऊक असणार? तिसऱ्या कलमात लिहिलं होतं की या पेशी सार्वजनिक पेशीसंग्रहात ठेवाव्यात आणि मागेल त्या संशोधकाला तिथून मिळाव्यात.

“हे तिसरं काय आहे?”

“ते कोणी भरत नाही. छापील असतं ते.”

“पण भरलं तर?”

मॅडमचं हसू जागेवरच राहिलं, डोळे तेवढे बदलले. “आबा, तुमच्या सुनेसाठी मला शिफारसपत्र लिहायचंय या आठवड्यात. असं पत्र लिहायला बसलं की मन कसं प्रसन्न असावं लागतं. मन खट्टू असलं की बघा, शब्दही तसेच उतरतात.”

सगळा जन्म मी शब्दांच्या संगतीत काढला. धमकी इतक्या मऊ शब्दांत बसवलेली मी आजवर पाहिली नव्हती. मी फॉर्म घडी करून खिशात घातला. चहा येत होता, तो न घेता उठलो. दाराशी मला एकच वाक्य बोलता आलं.

“मॅडम, पत्रोत्तर मी घरून पाठवीन.”

घरी आल्यावर मी हिला सगळं सांगत होतो, तेवढ्यात सूनबाई आली. तिने अर्धं ऐकलं आणि तिचा चेहरा लाल झाला.

“तुम्ही गेलात? मी नको म्हटलं होतं तरी?”

“त्यांनी बोलावलं होतं...”

“मग काय झालं! आबा, मी लहान आहे का? सासरे गेले आणि सुनेसाठी भांडून आले! उद्या सगळे हेच म्हणतील. माझं काम माझ्या जिवावर उभं राहू दे, सासऱ्याच्या आतड्यावर नको!”

“अगं, हळू,” ही म्हणाली.

“का हळू? तिथे हळू, इथेही हळू! तिथे ‘कुटुंब’ म्हणून राबवून घेतात आणि कुटुंब म्हणूनच हाकलतात. आणि इथे हे माझ्या पाठीमागे...” तिचा आवाज फाटला. 

ती म्हणत होती ते खरं होतं. मला बोलणं भाग होतं म्हणून मी शिफारसपत्राचं वाक्य सांगितलं. मॅडम जसं बोलल्या तसंच, शब्दाला शब्द. पाठांतर माझं चांगलं आहे.

सूनबाई ओट्याला टेकून उभी राहिली. नळ चालूच होता, तो हिने बंद केला.

“प्रसन्न मन,” सूनबाई म्हणाली. “तीन वर्षं मी त्यांचं मन प्रसन्न ठेवतेय. त्यांच्या मुलीचे शाळेचे प्रकल्पसुद्धा करून दिलेत मी. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं.”

“बरं झालं नाही सांगितलंस,” ही म्हणाली. “मीच गेले असते, आणि नुसता चहा नाकारून नसते आले.”

सूनबाई हसली नाही. तिने हात पुढे केला. “फॉर्म द्या.” तिने तिसरं कलम वाचलं. “हे भरलं तर पेशी सगळ्यांना मिळतील. मला मिळतील. मॅडमकडे आहेतच, त्याही वापरतील. जाहिरात वाचून येणाऱ्या नव्या पोरीलाही त्यावर काम करता येईल, आणि ती माझ्या पुढेही जाईल कदाचित.”

“मग तुझं काय राहिलं?”

“त्या कशा जगतात ते मला कळतं. बाकीच्यांना शिकावं लागेल.” तिने फॉर्म टेबलावर ठेवला. “आणि मॅडम पत्र लिहिणार नाहीत. किंवा लिहितील, म्हणजे आणखी वाईट.”

“मग नको,” मी म्हणालो. माझा धीर इतक्यात सुटत होता. “मी सहीच करत नाही कशावर. जसं आहे तसं राहू दे. मी आपला...”

“आबा!” तिने टेबलावर हात आपटला. “तुमच्या पेशी आहेत. तुम्हाला काय हवंय? माझं सोडा. एकदा तरी सांगा, तुम्हाला काय हवंय?”

मला हा प्रश्न फारसा कोणी विचारलेला नाही. मी उत्तर शोधायला लागलो आणि ते तोंडाशीच होतं.

“त्यांनी कोणा एकाच्या खिशात जाऊ नये,” मी म्हणालो. “माझ्या पोटात होत्या तेव्हा पुष्कळ झालं.”

“मग तेच लिहा. विद्यापीठाला मी सांगते.” आणि तिने तिथेच, आमच्यासमोर, फोन लावला. सरळ सांगितलं: माझ्या प्रमुखांचं पत्र कदाचित येणार नाही, आलं तर चांगलं नसेल, कारण असं असं आहे, माझं काम छापलेलं आहे, ते वाचून ठरवा. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. ती ‘हो’, ‘हो’, ‘समजलं’ म्हणत राहिली. फोन ठेवला.

“काय म्हणाले?” ही.

“म्हणाले, विचार करून कळवतो.”

“म्हणजे हो की नाही?”

“म्हणजे विचार करून कळवतो, आई.”

मी टेबलाशी बसलो. मायना काय लिहावा याचा विचार न करता लिहायला लागलो. दुसऱ्या कलमाला माझा नकार आहे. तिसऱ्या कलमाला होकार आहे. पेशी सार्वजनिक संग्रहात ठेवाव्यात आणि त्या जिने जगवल्या तिचं नाव तिथल्या नोंदीत असावं. माझ्या पेशींवर नाव लिहिलं गेलं याबद्दल माझी तक्रार नाही. ते नाव तुम्ही हसून राहू दिलंत, तेव्हा आता त्याचा दोष एकटीच्या माथी मारू नये. आणि पेशी संग्रहात पोचल्याचं मला लेखी कळलं नाही, तर ऑपरेशनच्या वेळी दिलेली मूळ संमतीही मी मागे घेतो. मग तुमच्याकडे एकही फ्लास्क ठेवता येणार नाही. या पत्राची एक प्रत नीतिसमितीला आणि एक पेशीसंग्रहाला पाठवत आहे.

सूनबाईने खांद्यावरून वाचलं. “हे शेवटचं कोणी सांगितलं तुम्हाला?”

“कोणी नाही. पहिल्या कागदावरच छापलंय, संमती केव्हाही मागे घेता येते. मी सही करण्याआधी वाचलं होतं.”

“मागे घेतलीत तर माझ्याही गेल्या.”

“हो,” मी म्हणालो. “खोडू?”

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. मला वाटलं, खोडा म्हणेल. माझी पेन्सिल तयार होती.

“नाही,” ती म्हणाली. “तसंच जाऊ दे.”

टपालकचेरीत खिडकीवरच्या बाईंनी तिन्ही पाकिटं वजनाला लावली. नोंदणीने पाठवायची का, विचारलं. मी हो म्हणालो. माझा आवाज अजून बारीकच होता आणि राग काही उतरला नव्हता. पत्त्यातल्या अक्षरांवरूनही तो कळत होता. बाईंनी शिक्के मारले, तीन पावत्या माझ्याकडे सरकवल्या आणि पाकिटं मागच्या पोत्यात टाकली.